तांदूळ टाकायचे, खडा ठेवायचा

२०२५च्या फेब्रुवारीत आमच्या फॅमिली ग्रुपवर एक फॉरवर्ड आला. सिसिलीजवळ समुद्राच्या तळाशी शास्त्रज्ञांना 'भुताचा कण' सापडला, अशी बातमी होती. खाली लाल अक्षरांत लिहिलं होतं, 'हे कण दर सेकंदाला अब्जावधींच्या संख्येनं तुमच्या शरीरातून आरपार जातात!' संध्याकाळी साताऱ्याहून आजीचा फोन.

"अरे, ते भुताचे कण का काय ते, अंगातून जातात म्हणे. खरंय का रे?"

"हो आजी, खरंय."

"मग ताईला काही होणार नाही ना? आठवा लागलाय तिला."

"काही होत नाही गं. तुझ्या जन्माच्या आधीपासून जातायत. कशाला न धडकता सरळ निघून जातात."

"मग भूत कशाला म्हणायचं?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. मी काहीतरी थातुरमातुर बोललो आणि विषय बदलला. पण प्रश्न डोक्यातून गेला नाही. न्यूट्रिनोबद्दल गेली काही वर्षं मी मिळेल ते वाचतोय, आणि इंग्रजी पुस्तकं असोत, यूट्यूबवरचे व्हिडिओ असोत की मराठी बातम्या, सगळ्यांची सुरुवात याच भुतापासून होते. हा लेख त्या भुताविरुद्धची तक्रार आहे. माझं म्हणणं एवढंच आहे, की न्यूट्रिनोच्या संशोधनात खरोखर थक्क करणारी जी गोष्ट आहे, ती या एका शब्दामुळे आपल्यापर्यंत पोचत नाही. आणि ती न पोचल्याची किंमत आपण मोजतो.

*

आधी भुताची बाजू. हा शब्द पत्रकारांनी हवेतून काढलेला नाही. १९३०च्या डिसेंबरमध्ये वोल्फगांग पाउलीनं एका पत्रात हा कण सुचवला, तेव्हा तो हिशेब जुळवायला केलेला उपाय होता. काही किरणोत्सारी अणू फुटताना ऊर्जा कमी भरत होती, तर ती कुणीतरी न दिसणारा घेऊन जात असेल, असा. एन्रिको फर्मीमुळे त्याचं 'न्यूट्रिनो', म्हणजे इटालियनमध्ये 'छोटा तटस्थ', हे नाव रूढ झालं. १९५०च्या दशकात फ्रेडरिक राइन्स आणि क्लाइड कोवन यांनी तो पकडायचा घाट घातला, तेव्हा प्रकल्पालाच 'पोल्टरगाइस्ट' म्हटलं. खुडबुड करणारं भूत. १९५६मध्ये अणुभट्टीशेजारी त्यांना तो सापडलाही. म्हणजे भूत म्हणण्याची खोड शास्त्रज्ञांचीच.

पण विनोद प्रयोगशाळेत केला की विनोद असतो. तोच मथळ्यात गेला की माहिती होते आणि फॅमिली ग्रुपवर आला की भीती होते.

शिवाय हे वर्णन चूकही आहे. भूत कधी दिसेल, कुणाला दिसेल, याचा नियम नसतो. न्यूट्रिनोचं तसं नाही. सूर्याकडून येणारे न्यूट्रिनो तुमच्या अंगठ्याच्या नखाएवढ्या जागेतून दर सेकंदाला सुमारे ६५ अब्ज जातात. त्यातला एखादा अणूला धडकण्याची शक्यता किती, हे गणितानं काढता येतं. ती अत्यंत कमी आहे, शून्य नाही. आणि शक्यता कमी पण माहीत असेल, तर उपायही सरळ असतो. अडवणारी वस्तू मोठी करायची आणि वाट बघायची. किती मोठी? अतिउच्च ऊर्जेचे, आकाशाच्या दूरच्या कोपऱ्यांतून येणारे मोजके न्यूट्रिनो हवे असतील तर साधारण एक घन किलोमीटर.

*

फ्रान्सिस हॅल्झेन यांचं नाव मी पहिल्यांदा वाचलं ते इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षात. लायब्ररीत अ‍ॅलन मार्टिन यांच्यासोबत त्यांनी लिहिलेलं 'क्वार्क्स अँड लेप्टॉन्स' होतं, मी ते हौसेनं घरी आणलं आणि तिसाव्या पानाच्या आत गळपटलो. मूळचे बेल्जियमचे हॅल्झेन १९७०च्या दशकापासून अमेरिकेत विस्कॉन्सिन विद्यापीठात आहेत. ते कागद-पेन्सिलवाले, सिद्धांत मांडणारे भौतिकशास्त्रज्ञ. १९८०च्या दशकाच्या शेवटी त्यांच्या डोक्यात आलं, की एवढी मोठी पारदर्शक वस्तू बांधायची कशाला? दक्षिण ध्रुवावर ती आयतीच पडलेली आहे. जवळपास तीन किलोमीटर जाडीचा बर्फ.

न्यूट्रिनो बर्फातल्या अणूला धडकला, की त्यातून विद्युतभारित कण सुटतात. बर्फातून प्रकाश ज्या वेगानं जातो त्यापेक्षा ते वेगानं जातात आणि मागे निळसर प्रकाशाचा माग सोडतात. त्याला चेरेंकोव्ह प्रकाश म्हणतात. बर्फात प्रकाश टिपणारे संवेदक पुरले, तर कुठल्या संवेदकाला किती नॅनोसेकंदांनी प्रकाश दिसला यावरून कण कुठून आला ते काढता येतं. कल्पना दोन वाक्यांत सांगता येते. ती खरी करायला दोन दशकं लागली.

या दोन दशकांवर मार्क बोएन यांचं 'द टेलिस्कोप इन द आइस' हे २०१७चं पुस्तक आहे. बोएन स्वतः भौतिकशास्त्रात डॉक्टरेट केलेले. या विषयावरच्या पुस्तकांमध्ये मला ते सगळ्यांत जवळचं वाटतं, कारण त्यात बर्फाला भोक पाडणाऱ्या माणसांना जागा आहे. ब्रूस कोची हा गरम पाण्यानं बर्फ वितळवत खोल जाण्यातला उस्ताद होता. तो २००६ मध्ये गेला, वेधशाळा पूर्ण व्हायच्या चार वर्षं आधी. आपण विज्ञानाच्या गोष्टीत सहसा एक डोकं आणि एक क्षण शोधतो. इथे डोकं हॅल्झेन यांचं असेल, पण हात कोचीसारख्यांचे होते.

आणि त्या डोक्याचा अंदाजही चुकला होता. दोनदा, उलटसुलट दिशांना. प्रयोगशाळेतल्या बर्फावरून वाटलं होतं, की निळा प्रकाश बर्फात आठेक मीटर जाईल आणि विरेल. ध्रुवावरच्या खोल बर्फात तो शंभर मीटरहून जास्त जातो असं निघालं. हे नशीब. पण १९९३-९४च्या मोसमात 'अमांडा' या पहिल्या प्रयोगाचे संवेदक ८०० ते १००० मीटर खोल सोडले, तर तिथला बर्फ हवेच्या बुडबुड्यांनी भरलेला निघाला. प्रकाश शोषला जात नव्हता, पण बुडबुड्यांवर आपटून इतका भरकटत होता की दिशा काढणं अशक्य. आणखी खोल, १४०० मीटरच्या खाली, दाबामुळे ते बुडबुडे बर्फाच्या स्फटिकातच जिरून जातात. मग पुन्हा भोकं पाडा, आणखी खोल जा. १९९५-९६मध्ये ते गेले.

मला हा भाग वाचताना भूत आठवत नाही. सॉफ्टवेअरमध्ये राहिलेल्या माणसाला जे आठवतं तेच आठवतं. चाचणीत चाललेलं सगळं खऱ्या सर्व्हरवर गेल्यावर भलत्याच कारणानं कोसळतं, आणि ज्याची भीती होती ते मात्र उत्तम चालतं.

*

१८ डिसेंबर २०१० रोजी 'आइसक्यूब' पूर्ण झाली. बर्फात ८६ भोकं, प्रत्येकात एक तार, तारेवर फुटबॉलहून मोठे काचेचे गोल. एकूण ५१६० संवेदक, १४५० ते २४५० मीटर खोलीवर. पाणी पुन्हा गोठलं की संवेदक कायमचा आत. पुढे काही बिघडलं तर हात लावता येत नाही, वरून फक्त सॉफ्टवेअर बदलता येतं. तरीही ९८ टक्क्यांहून जास्त संवेदक चालू राहिले. आमच्याकडे महिन्यातून एकदा कुणीतरी 'रीस्टार्ट करून बघ' म्हणतंच, त्यामुळे हा आकडा मी आदरानं वाचतो.

आता खरी गोष्ट सुरू होते, आणि ती कण पकडण्याची नाही.

वातावरणावर वैश्विक किरण सतत आदळत असतात. त्यातून म्युऑन नावाचे कण तयार होऊन बर्फात घुसतात आणि तसाच निळा प्रकाश पाडतात. आइसक्यूबला दर सेकंदाला असे सुमारे तीन हजार म्युऑन दिसतात. दिवसाचे पंचवीस कोटींच्या घरात. याच टकरींतून वातावरणात न्यूट्रिनोही तयार होतात, ते दिवसाला पावणेतीनशेच्या आसपास सापडतात. पण तेही घरचेच, पृथ्वीच्या हवेतले. दूरच्या विश्वातून आलेले, खात्रीनं वेगळे काढता येतील असे, वर्षाला काही मोजके.

माझी आजी ताटात तांदूळ घेऊन निवडायला बसते तेव्हा खडे काढून टाकते. आइसक्यूबचं काम नेमकं उलटं आहे. कोट्यवधी तांदूळ टाकून द्यायचे आणि एक खडा जपून ठेवायचा.

त्यासाठी दोन साध्या युक्त्या आहेत. पहिली, खाली बघायचं. दक्षिण ध्रुवावर बसून उत्तरेचं आकाश बघायचं, म्हणजे मध्ये अख्खी पृथ्वी. म्युऑन पृथ्वी पार करू शकत नाहीत, न्यूट्रिनो करतात. पृथ्वीचीच चाळण. दुसरी युक्ती वरून येणाऱ्यांसाठी. बर्फातल्या संवेदकांचा बाहेरचा थर राखणदार म्हणून वापरायचा. माग या थरातून आत आलेला दिसला, तर म्युऑन असणार, टाका. बाहेर कुणालाच काही दिसलं नाही आणि आत मधोमध अचानक प्रकाश पडला, तर आत येताना न दिसणारं काहीतरी आलंय, ठेवा.

२०११ आणि २०१२मध्ये असे दोन प्रकाश पडले. जपानमधल्या चिबा विद्यापीठाचा गट आणखी जास्त ऊर्जेचं काहीतरी शोधत होता, तेव्हा हे दोन हाती लागले. प्रत्येकाची ऊर्जा एक पेटा-इलेक्ट्रॉनव्होल्टच्या थोडी वर, म्हणजे जिनिव्हाच्या एलएचसीमधल्या एका प्रोटॉनच्या सुमारे दीडशे पट. लहान मुलांच्या 'सेसमी स्ट्रीट' कार्यक्रमातल्या बाहुल्यांवरून त्यांची नावं ठेवली, बर्ट आणि अर्नी. ही नावं मला भुतापेक्षा कितीतरी आवडतात.

मग राखणदाराची युक्ती वापरून दोन वर्षांचा डेटा नव्यानं चाळला गेला आणि २०१३च्या नोव्हेंबरमध्ये 'सायन्स' या नियतकालिकात निबंध आला. एकूण २८ घटना. आणि त्याच निबंधात, त्याच दमात सांगितलं होतं, की यातल्या साडेदहाच्या आसपास घटना वातावरणातल्याच असण्याचा अंदाज आहे. कुठल्या ते एकेका घटनेकडे बोट दाखवून सांगता येत नाही.

इथे थांबून विचार करा. जगातली सर्वांत अवघड दुर्बीण, दोन दशकं, कोट्यवधी डॉलर, आणि हाती आलेल्या अठ्ठावीस दाण्यांत दहा-अकरा तांदूळच असणार, हे तुम्ही स्वतःहून सांगता.

*

मी समीक्षा शिकलेलो नाही, पण मजकूर बारकाईनं वाचायची सवय कोड रिव्ह्यूमुळे लागली आहे. एखाद्या लेखकाची पुस्तकं ओळीनं लावून शीर्षकं वाचावीत, तशी मी आइसक्यूबच्या गाजलेल्या निबंधांची शीर्षकं वाचली. त्यात एक वेगळीच गोष्ट दिसते.

२०१३च्या शीर्षकात शब्द आहे 'पुरावा'. सापडले असं म्हटलेलं नाही. पुढच्या वर्षी, तीन वर्षांचा डेटा आणि ३७ घटना झाल्यावर, शीर्षकात 'निरीक्षण' आलं. पहिल्या वेळी सांख्यिकी खात्री ४.१ सिग्मा होती, दुसऱ्या वेळी ५.७. भौतिकशास्त्रात पाच सिग्मा ओलांडल्याशिवाय शोध लागला म्हणत नाहीत. पाच सिग्मा म्हणजे निव्वळ योगायोगानं असं दिसण्याची शक्यता पस्तीस लाखांत एक. एका शब्दाच्या बदलासाठी त्यांनी आणखी एक वर्ष डेटा घेतला.

पहिल्या निबंधात आणखी एक बारकावा आहे. बर्ट आणि अर्नी दिसले म्हणूनच हा नवा शोध आखला गेला होता. मग त्याच दोघांना नव्या शोधाच्या यशात मोजणं म्हणजे उत्तर बघून प्रश्न काढणं. म्हणून त्यांनी उरलेल्या २६ घटनांची खात्री वेगळी काढली, ती ३.३ सिग्माच भरली, आणि जुन्या दोघांचं वजन वेगळं मोजून बेरीज केली. एरवीच्या शोधांतही ते आधी डेटाच्या दिशा मुद्दाम विस्कटून टाकतात, त्या विस्कटलेल्या डेटावर आपली पद्धत पक्की करतात, आणि पद्धतीला पुन्हा हात लावायचा नाही असं ठरल्यावरच खरा डेटा उघडतात. स्वतःच्या मोहापासून स्वतःला वाचवायची ही सोय.

याची गरज मला कशी कळली ते सांगतो. पहिल्या नोकरीत मी एका अ‍ॅपच्या नोंदणीच्या पानात बदल केला होता. निम्म्या लोकांना जुनं पान, निम्म्यांना नवं, दोन आठवडे चाचणी, असं ठरलं होतं. पाचव्या दिवशी नव्या पानाचा ग्राफ झकास वर गेला. मी चाचणी तिथेच थांबवली आणि मीटिंगमध्ये तो ग्राफ दाखवला. टाळ्या मिळाल्या. तीन महिन्यांनी आकडे पाहिले तर नोंदणी होती तिथेच होती. कुणी विचारलं नाही, मी सांगितलं नाही. 'नोंदणीत लक्षणीय वाढ घडवली' अशी एक ओळ मात्र माझ्या रेझ्युमेत चार वर्षं होती. हा लेख लिहायला घेतला तेव्हा काढली.

त्यामुळे 'पुरावा' आणि 'निरीक्षण' यांतल्या वर्षभराच्या अंतराचं मला कौतुक आहे. ते मी पाच दिवसांतही राखू शकलो नव्हतो.

*

आता मथळे. २२ सप्टेंबर २०१७ रोजी आइसक्यूबला २९० टेरा-इलेक्ट्रॉनव्होल्टचा एक न्यूट्रिनो दिसला. मिनिटाच्या आत जगभरच्या दुर्बिणींना आपोआप अलर्ट गेला. काही दिवसांत फर्मी या उपग्रह दुर्बिणीच्या डेटात दिसलं, की त्या दिशेला सुमारे चार अब्ज प्रकाशवर्षांवर एक ब्लेझार उजळलेला आहे. ब्लेझार म्हणजे अशी दीर्घिका जिच्या मधलं महाकाय कृष्णविवर पदार्थाचा झोत नेमका आपल्या दिशेनं सोडतंय. नाव टीएक्सएस ०५०६+०५६. जुलै २०१८मध्ये निबंध आले, पत्रकार परिषद झाली आणि 'शंभर वर्षांचं कोडं सुटलं' या धर्तीच्या बातम्या आल्या.

निबंधांची शीर्षकं बघा. एकात म्हटलंय, की ब्लेझारचं उजळणं आणि न्यूट्रिनोचं येणं एकाच वेळी घडलं. दुसऱ्यात, न्यूट्रिनो या ब्लेझारच्या 'दिशेकडून' आले. 'ब्लेझारनं सोडले' असं कुठेच नाही. पहिल्याची खात्री तीन सिग्मा. दुसऱ्या निबंधात जुना डेटा उकरून २०१४-१५मध्ये त्याच दिशेकडून तेराच्या आसपास जास्तीचे न्यूट्रिनो आल्याचं दाखवलं. पण अडचण अशी, की त्या काळात तो ब्लेझार गॅमा किरणांत उजळलेला नव्हता. एकदा उजळताना न्यूट्रिनो, एकदा न उजळता. कोडं सुटलं नव्हतं, वाढलं होतं. बातमी खरं तर तीच होती, आणि ती आपल्यापर्यंत पोचली नाही. २०२२मध्ये एनजीसी १०६८ या पावणेपाच कोटी प्रकाशवर्षांवरच्या दीर्घिकेकडून सुमारे ७९ न्यूट्रिनो आल्याचं जाहीर झालं, ४.२ सिग्मा, शीर्षकात पुन्हा 'पुरावा'. ही दीर्घिका ब्लेझार नाही. तिचं मधलं कृष्णविवर धुळीआड झाकलेलं आहे. म्हणजे न्यूट्रिनो कुठे तयार होतात या प्रश्नाला आता दोन अगदी वेगळी उमेदवार उत्तरं आहेत.

सगळंच कौतुक नको. २०२३मध्ये आइसक्यूबनं आपल्याच आकाशगंगेच्या पट्ट्यातून येणारे न्यूट्रिनो दाखवले. ड्रेक्सेल विद्यापीठाच्या नाओको कुराहाशी नीलसन या कामाच्या आघाडीवर होत्या. दहा वर्षांचा जुना डेटा, साठेक हजार घटना आणि नवं मशीन लर्निंग. बर्फात एकही नवी तार न सोडता, फक्त चाळणी सुधारून आकाशगंगा दिसली. माझ्या पेशाच्या माणसाला याहून गोड बातमी नाही. पण शीर्षकात शब्द होता 'निरीक्षण' आणि खात्री होती ४.५ सिग्मा. दहा वर्षांपूर्वी ४.१ला 'पुरावा' म्हणणाऱ्यांनी पाचच्या आतच शब्द बदलला. बाजू मांडता येते. आकाशगंगेतून न्यूट्रिनो येणार हे गॅमा किरणांमुळे अपेक्षितच होतं आणि अपेक्षित गोष्टीला पुरावा कमी लागतो. तरीही अपेक्षित गोष्ट दिसली की आपण लवकर थांबतो, हे मी पाचव्या दिवसाच्या ग्राफवरून शिकलोय. ज्यांच्या शब्दांवर इतका विश्वास टाकावासा वाटतो, त्यांच्याच शब्दांवर लक्षही ठेवलं पाहिजे.

*

ही सगळी ध्रुवावरची आणि विस्कॉन्सिनची गोष्ट झाली. पण तिचं एक आधीचं प्रकरण आपल्याकडे घडलंय.

केजीएफ म्हटलं की आपल्या पिढीला यश आणि त्याची दाढी आठवते. त्याच कोलारच्या सोन्याच्या खाणीत, २.३ किलोमीटर खोल, मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या लोकांनी जपानच्या ओसाका आणि इंग्लंडच्या डरहॅम विद्यापीठांसोबत १९६५मध्ये वातावरणातले न्यूट्रिनो टिपले. एम. जी. के. मेनन, बी. व्ही. श्रीकंतन, व्ही. एस. नरसिंहम ही त्यातली आपली नावं. युक्ती तीच, टाकून देण्याची. एवढ्या खोलवर वरून येणारे म्युऑन अगदी थोडे उरतात आणि आडवा तर एकही येऊ शकत नाही. म्हणून आडवा म्युऑन दिसला तर तो शेजारच्या खडकात न्यूट्रिनोच्या धडकेतूनच आलेला असणार. दक्षिण आफ्रिकेच्या खाणीत राइन्स यांचा गटही तेव्हा तेच करत होता. पहिली घटना त्यांना आधी दिसली, निबंध कोलारचा दोन आठवडे आधी छापून आला.

कोलारनं त्या काळी एकेक करून मोजलेले हे वातावरणीय न्यूट्रिनो आज आइसक्यूबमध्ये दिवसाला पावणेतीनशे येतात आणि विश्वातले शोधताना बाजूला टाकले जातात. कालचा खडा आजचा तांदूळ झालाय. विज्ञान पुढे गेलं म्हणजे काय झालं, हे मला एवढ्या स्पष्ट दुसरीकडे कुठे दिसलेलं नाही.

कोलारची खाण २००१मध्ये बंद झाली. तिच्या परंपरेतली पुढची वेधशाळा, 'आयएनओ', तमिळनाडूच्या थेनी जिल्ह्यात पोट्टिपुरमजवळच्या डोंगरात व्हायची होती. यजमान पुन्हा टाटा संस्थाच. २०१५च्या सुरुवातीला केंद्रानं सुमारे दीड हजार कोटी रुपये मंजूर केले. तिथे गावकऱ्यांनी विरोध केला. बोगद्याच्या सुरुंगांनी पाण्याचे झरे फुटतील का, पश्चिम घाटाच्या जंगलाचं काय, हे प्रश्न रास्त होते आणि रास्त आहेत. पण त्यांच्यात मिसळून किरणोत्साराची आणि न्यूट्रिनोपासून होणाऱ्या अपायाचीही भीती होती. ही वेधशाळा न्यूट्रिनो तयार करणार नव्हती, आपोआप येणारेच बघणार होती. २०२२मध्ये तमिळनाडू सरकारनं सर्वोच्च न्यायालयात प्रकल्पाला विरोध असल्याचं सांगितलं.

हे 'भूत' या शब्दामुळे झालं असं म्हणणं बाष्कळपणा होईल. ती लढाई जमीन, पाणी आणि विश्वासाची होती. पण विश्वास भाषेतूनही तयार होतो, आणि तेवढा वाटा आपला, म्हणजे लिहिणाऱ्यांचा आहे. अनेक दशकं एखाद्या गोष्टीला भूत म्हणायचं आणि डोंगराखाली ते भूत पकडायला निघाल्यावर पायथ्याच्या बाईनं घाबरू नये, अशी अपेक्षा धरायची, हे जमत नाही. माझी आजी शिकलेली आहे, तिच्याकडे स्मार्टफोन आहे, हक्काचा इंजिनिअर नातू आहे. तरीही तिला ताईच्या बाळाची काळजी वाटलीच.

भूत म्हटलं की ऐकणाऱ्याला फक्त दोन जागा उरतात, घाबरायची किंवा थक्क व्हायची. तपासायची जागाच राहत नाही. टाकून देण्याची गोष्ट सांगितली, तर ऐकणारा विचारू शकतो, काय टाकलं, का टाकलं, चुकून खडाच तर टाकला नाही ना? झऱ्यांबद्दलही मग तो तसंच विचारेल, आणि विचारावंच.

*

गेल्या महिन्यात साताऱ्याला गेलो होतो. आजी ओसरीवर ताट घेऊन बसली होती. ताईची मुलगी शेजारी दुपट्यावर झोपलेली. मी आजीला बर्फ, भोकं, काचेचे गोल सगळं सांगितलं. कोट्यवधी तांदूळ आणि एक खडा, तेही.

"म्हणजे तांदूळ टाकायचे आणि खडा ठेवायचा? उलटंच की."

"हो."

"मग सापडले का खडे?"

"पहिल्यांदा अठ्ठावीस सापडले. पण त्यातले दहा-अकरा तांदूळच असणार."

"कुठले?"

"ते त्यांनाही माहीत नाही."

"आणि तसं सांगतात ते?"

"हो. लिहून ठेवलंय त्यांनी."

आजीनं ताट थोडं हलवलं, एक खडा उचलून बाजूला ठेवला.

"मग भूतबित काही नाही," ती म्हणाली. "बरी माणसं आहेत."